देवी, दंड आणि आंबागडची विहीर

भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेस, तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या एका फाट्यावर आंबागडचा किल्ला उभा आहे. नागपूर वसवणारा देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शाह याच्या राजा खान पठाण नावाच्या सरदाराने तो १७०० च्या सुमारास बांधला. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि त्यांच्या काळात त्याचा उपयोग तुरुंगासारखा होऊ लागला. किल्ल्यातल्या विहिरीविषयी एक आख्यायिका आहे. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरपासून आजच्या वाटाड्यापर्यंत सगळे ती सांगतात. कैद्यांना त्या विहिरीतले साचलेले, नासलेले पाणी प्यायला लावत आणि ते त्या पाण्यानेच मरत.

मी किल्ल्याविषयी लिहावे म्हणून कागदपत्रे गोळा करू लागलो होतो. आख्यायिका खरी की खोटी, याचा निकाल लावण्याइतका पुरावा माझ्या हाती आला नाही. पण गोष्ट कशावर बेतली आहे, हे मात्र मनात राहिले. तलवारीने नाही, तोफेने नाही, पाण्याने माणूस मारता येतो आणि तो मेला तर बोट दाखवायला कोणी सापडत नाही, एवढे ज्ञान या मुलखाला कोणत्याही आरोग्य खात्याच्या आधीपासून होते. सरकार म्हणजे तोंडात जबरीने काहीतरी घालणारा, हेही त्या गोष्टीत होते. ही दुसरी बाजू मला पुढे उपयोगी पडली, कारण कागद शोधता शोधता मी किल्ला सोडून भलत्याच वाटेला लागलो.

कोतवाल बुकातली ओळ

विदर्भात 'कोतवाल बुक' हा शब्द आज घरोघर माहीत आहे तो जातपडताळणीमुळे. मध्य प्रांताच्या काळात गावचा कोतवाल जन्ममृत्यूची खबर पोलीस ठाण्याला देई आणि त्यातून वह्या तयार होत. आजोबा-पणजोबांच्या जातीचा उल्लेख या वह्यांत सापडतो, म्हणून आता लोक नक्कल काढायला तहसिलीत खेटे घालतात. जातीचा रकाना सापडला की वही बंद होते. त्याच ओळीत पुढे मृत्यूच्या कारणाचा रकाना असतो, तिकडे कोणी पाहत नाही.

त्या रकान्यात शब्द मोजकेच असत: ताप, पटकी, हगवण, देवी, अपघात. 'ताप' या एका शब्दात हिवताप, विषमज्वर, बाळंतरोग, न्यूमोनिया सगळेच कोंबलेले असे, कारण खबर देणारा कोतवाल काही वैद्य नव्हता. त्यामुळे जुन्या आकड्यांतल्या 'तापा'वर फारसा भरवसा ठेवता येत नाही. 'देवी' या नोंदीवर मात्र ठेवता येतो. अंगभर, त्यातही चेहऱ्यावर आणि हातापायांवर उठलेले ते फोड ओळखायला शिक्षण लागत नव्हते. देवीच्या उग्र प्रकारात दहांतले तीन रोगी दगावत. वाचत त्यांतल्या पुष्कळांचे तोंड व्रणांनी भरून जाई, काहींचे डोळे जात.

एका नातलगाच्या नोंदीसाठी वही चाळत असताना मला माझ्या आजोबांचे नाव दिसले. वही १९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली. बापाचे नाव आजोबांचे, मयत मुलगा, वय तीन वर्षे, कारण देवी.

आमच्या घरात हा मुलगा कधीच नव्हता. माझे वडील घरातले थोरले म्हणूनच वाढले. त्यांच्या आधी एक मुलगा होऊन गेला, हे त्यांनी मला कधी सांगितले नाही; त्यांना ते ठाऊक होते की नाही, हेही आता कळायला मार्ग नाही. आजी जाऊन तर बरीच वर्षे झाली. उरली ती आंबागडला दिलेली आत्या. तिने ऐंशी ओलांडली आहे. मी वहीची नक्कल तिच्यापुढे धरली. तिला वाचता येत नाही. नाव वाचून दाखवले तेव्हा ती एवढेच म्हणाली, "दादा होता बाप्पा. मातेनं नेला."

नंतर, चहा झाल्यावर, तिने उरलेले सांगितले. त्या हिवाळ्यात गावात देवी डॉक्टर आला होता. आजीने पोराला धानाच्या ढोलीमागे लपवले. डॉक्टर दुसऱ्या गावाला निघून गेला. उन्हाळ्यात माता आली.

आजीने मुलाला का लपवले? त्या काळच्या सरकारी अहवालांना हा प्रश्न विचारला तर उत्तर तयार असते: रयतेचे अज्ञान आणि अंधश्रद्धा. माझी आजी अज्ञानी नव्हती. पाऊस कधी थांबेल, कोणते बियाणे दडपेल, कोणत्या म्हशीचे दूध आटेल हे तिला आधी कळे. तेव्हा या उत्तराने माझे समाधान झाले नाही आणि मी टोचणीचा इतिहास वाचायला बसलो.

मातेचे नियम

पहिली गोष्ट ही की टोचणी येण्याआधी इथे काहीच नव्हते, असे नाही. झाडीपट्टीतल्या गावोगावी मातामायचे ठाणे असते. कुठे देऊळ, कुठे झाडाखाली शेंदूर लावलेले नुसते दगड. घरात कोणाला देवी आल्या की त्या घराचा कारभार बदलत असे. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागे. तो पाहून परका माणूस आत येत नसे. फोडणी बंद, मांसमच्छी बंद, न्हावी बंद. रोग्याला वाढणारी, निंबाच्या पाल्याने वारा घालणारी व्यक्ती बहुधा एकच. 'रोग' हा शब्द उच्चारायचा नाही. 'माता आली' म्हणायचे. फोड सुकून खपल्या पडल्या की मातेला दहीभात, थंड पाणी आणि मग घर मोकळे.

यातले सगळेच उपयोगाचे होते असे मी म्हणणार नाही. फोडणी बंद केल्याने देवीचा विषाणू मरत नाही. पण डहाळा पाहून परतणारा पाहुणा आणि खपल्या पडेपर्यंत वेगळी ठेवलेली खोली यांना आजच्या भाषेत विलगीकरणच म्हणतात. देवीची लागण खपल्या पडेपर्यंत होऊ शकते, हे शास्त्राने पुढे सांगितले. मातेचा कायदा तेच पाळायला लावत होता, फक्त कारण वेगळे सांगत होता.

शिवाय हा कायदा घरातल्या बाईच्या हातात होता. काय शिजवायचे, कोणाला दारातून परत पाठवायचे, माता उतरली हे केव्हा म्हणायचे, हे ती ठरवी. देवी डॉक्टर आला तो तिचा अधिकार काढून घ्यायला आलेला पुरुष म्हणून.

आठवा दिवस

एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये इंग्लंडात गोस्तनदेवीची लस एका मुलाला टोचली आणि १७९८ मध्ये आपला शोध पुस्तकरूपाने मांडला. ही लस हिंदुस्थानात आणणे हेच मोठे संकट होते. काचेच्या पट्ट्यांवर किंवा दोऱ्यावर वाळवलेली लस समुद्रावरच्या उष्म्यात निकामी होई. तिला जिवंत ठेवण्याचा खात्रीचा मार्ग एकच होता: माणसाच्या अंगावर. एकाला टोचायचे, आठव्या दिवशी त्याच्या दंडावर उठलेल्या फोडातला पाणीदार द्रव काढायचा, तो दुसऱ्याला टोचायचा, त्याच्यापासून तिसऱ्याला. स्पेनच्या राजाने १८०३ मध्ये अमेरिकेतल्या वसाहतींकडे लस पाठवली तेव्हा जहाजावर २२ अनाथ मुलगे चढवले होते. लस त्यांच्या दंडांवरून समुद्रापार गेली.

आपल्याकडे ती व्हिएन्ना, बगदाद, बसरा अशा मार्गाने आली. १४ जून १८०२ रोजी मुंबईत ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचणी झाली. हिंदुस्थानातली ही पहिली यशस्वी टोचणी. तिच्या दंडावरच्या फोडातून मुंबईतल्या आणखी मुलांना, आणि तिथून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास अशी लस देशभर गेली. पहिली काही वर्षे या खंडप्राय देशातली लस एका तीन वर्षांच्या पोरीच्या दंडाची देणेकरी होती. तिच्याविषयी याहून फारसे कोणी लिहून ठेवलेले नाही.

दंडावरून दंडावर जाणारी ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत, काही ठिकाणी त्यानंतरही चालली. आता आईच्या बाजूने विचार करू. टोचणीवाला हिवाळ्यात येई, कारण उन्हाळ्यात लस टिकत नसे. तो बाळाच्या दंडावर सुरीच्या टोकाने ओरखडे काढी. बाळाला ताप येई, दंड सुजे, फोड उठे. आठव्या दिवशी, म्हणजे बाळ सर्वांत किरकिरे झाले असता, हा माणूस परत येऊन तोच फोड फोडे आणि त्यातला द्रव दुसऱ्या गावच्या मुलांसाठी घेऊन जाई. कधी कधी बाळालाच पुढच्या गावी उचलून न्यावे लागे. ज्या मुलाच्या दंडातून लस आली ते कोणत्या घरचे, कोणत्या जातीचे, त्याला दुसरा कोणता रोग आहे काय, हे आईला माहीत नसे. शेवटचा प्रश्न जातीच्या विटाळाइतका पोकळ नव्हता. या पद्धतीने उपदंशासारखा रोग एका मुलाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत असे आणि युरोपात असे घडलेही होते.

गरीब घरांच्या आणि ज्यांना नाही म्हणता येत नसे अशा जातींच्या मुलांचे दंड या कामी अधिक वापरले जात. म्हणून आठव्या दिवशी आया मुले घेऊन माहेरी जात, रानात जात, मुलाला धान्याच्या कोठीमागे बसवत. ही तक्रार देशभरच्या टोचणी अहवालांत आढळते. अफवाही उठत: सरकार अंगावर खूण करून पुढे कर बसवणार, माणसे परमुलखात नेणार, किंवा इंग्रजांना घालवणारा अवतारी मुलगा सरकार शोधते आहे. ज्या सरकारने १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा केले, त्याच्याविषयी अशी शंका घ्यायला लोकांना फार कल्पनाशक्ती लागली नसेल.

१८८० मध्ये टोचणीचा कायदा झाला, तो मुख्यतः नगरपालिका आणि छावण्यांपुरता. खेड्यांत सक्ती कमी आणि मनधरणी जास्त. पुढे वासरांच्या कातडीवर लस वाढवण्याची पद्धत आली आणि मुलांचे दंड मोकळे झाले. बेळगावसारख्या ठिकाणी लस तयार करण्याच्या संस्था उभ्या राहिल्या. माझ्या आजीच्या काळी देवी डॉक्टरच्या पेटीत वासराची लस होती. कोणी आठव्या दिवशी फोड फोडायला येणार नव्हते. पण आजीला तिच्या आईने जे सांगितले होते ते जुन्या पद्धतीचे होते. पद्धत गेली होती, भीती मागे राहिली होती. सरकारने पद्धत बदलली तेव्हा ती का बदलली आणि आधीची का वाईट होती, हे कोणी आंबागडच्या बायांना बसून सांगितले असेल, असे मला वाटत नाही. चूक कबूल केल्याशिवाय सुधारणा जाहीर केली की लोक जुनीच चूक धरून बसतात.

शिकलेल्यांचे काय?

लपवणाऱ्या बाईला अडाणी म्हणणाऱ्यांनी आणखी एक उदाहरण लक्षात ठेवावे. महात्मा गांधी देवीच्या टोचणीच्या विरोधात होते. आरोग्यावरच्या १९१३ च्या लेखांत त्यांनी ती घाणेरडी आणि हिंसेतून आलेली मानली. १९३० मध्ये, दांडीयात्रेच्या तोंडावर, साबरमती आश्रमात देवीची साथ आली आणि तीन मुले दगावली. त्यांत आश्रमाचे संगीतशिक्षक पंडित नारायण मोरेश्वर खरे यांचा मुलगाही होता. गांधीजी या मृत्यूंनी हलले, पण त्यांचे मत बदलले नाही. गांधीजींविषयी माझ्या मनात आदर आहे आणि तो हे लिहिताना कमी होत नाही. पण इतका विचारी माणूस या एका बाबतीत चुकला आणि त्याची किंमत मुलांनी दिली, हे त्याच आदराने लिहून ठेवले पाहिजे. माझ्या आजीला मी माफ करतो ते याच्याही आधाराने.

एकदा काढल्या की झाले?

टोचणीवरचा विश्वास उडण्याचे आणखी एक कारण होते आणि त्यात लोकांचा काहीच दोष नव्हता. एकदा टोचले की जन्माची खात्री, असे जेन्नरने मानले होते. अनुभव वेगळा निघाला. लहानपणी देवी काढलेल्या माणसाला तरुणपणी साथीत देवी येत. बहुधा सौम्य, पण येत. काही वर्षांनी संरक्षण उतरते, ते पुन्हा टोचून चढवावे लागते, हे युरोपात ध्यानात आले. जर्मनीने १८७४ च्या कायद्याने पहिली टोचणी तान्हेपणी आणि दुसरी बाराव्या वर्षी सक्तीची केली. आपल्याकडे दुसऱ्या टोचणीचा आग्रह कागदावर पुष्कळ झाला, पण मोठ्या माणसाचा दंड मिळवणे कठीणच राहिले. रोजंदारीवर जाणारा माणूस दंड सुजवून घरी बसायला तयार नसे.

यातून एक समजूत पक्की झाली, ती अजून गेलेली नाही: लस ही लहान मुलांची गोष्ट. म्हाताऱ्याला, कर्त्या माणसाला तिचे काय? आणि 'काढूनही आल्याच की' हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या पुढे गेले.

वयाचा हा प्रश्न धनुर्वातात फार स्पष्ट दिसतो. बाळाची नाळ विळ्याने कापायची, तिला राख किंवा शेण लावायचे, अशी रीत पुष्कळ ठिकाणी होती. शेणामातीतले जंतू नाळेतून शिरत आणि आठवड्याच्या आसपास बाळ दूध ओढायचे थांबे, अंग ताठ होई. सटवीची पूजा पाचव्या-सहाव्या रात्री होते. बाळ जगेल की जाईल हे याच सुमारास ठरते, या अनुभवाचा आणि त्या पूजेच्या दिवसाचा संबंध असावा, असा माझा तर्क आहे. तो तर्कच समजावा. या रोगावरची लस बाळाला देऊन उपयोग नसतो, कारण तेवढा वेळच नसतो. ती गरोदर आईला द्यावी लागते आणि आईचे संरक्षण बाळाच्या अंगात उतरते. आईला टोचणे, दवाखान्यात बाळंतपण आणि स्वच्छ पाते, या तिन्ही गोष्टी मिळून २०१५ मध्ये भारतातून नवजात बाळांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे मान्य झाले. एका वयाची लस दुसऱ्या वयाला वाचवते ती अशी.

माझा दंड

स्वातंत्र्यानंतर १९६२ मध्ये देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. सरसकट सगळ्यांना टोचायचे, असा पहिला बेत होता. तो पुरा पडेना. मग रोगी शोधायचा, त्याला वेगळा ठेवायचा आणि त्याच्याभोवतीच्या सगळ्यांना, वय न पाहता, टोचायचे अशी पद्धत आली. उष्म्यात टिकणारी वाळवलेली लस आणि दोन टोकांची साधी सुई यांनी काम सोपे केले. कार्यकर्ते देवी आलेल्या मुलाचे चित्र हातात घेऊन घरोघर फिरत आणि असा रोगी कुठे आहे काय, विचारत. १९७४ साली देशात १,८८,००० वर रोगी आणि ३१,००० वर मृत्यू नोंदले गेले. सर्वांत मोठा तडाखा बिहारला होता. पुढच्याच वर्षी, मे १९७५ मध्ये, देशातला शेवटचा रोगी सापडला. त्यानंतर रोगी दाखवणाऱ्याला हजार रुपयांचे बक्षीस होते, पण दाखवायला रोगीच उरला नव्हता. १९७७ मध्ये भारत आणि ८ मे १९८० रोजी जग देवीमुक्त जाहीर झाले.

मला ही पद्धत वाचताना मातेचे नियम आठवले. रोगी ओळखा, वेगळा ठेवा, भोवतीची माणसे सांभाळा. दाराला डहाळा लावणारी बाई पहिले दोन भाग करतच होती. तिसरा भाग, लस, तिच्या हातात नव्हता.

माझ्या दंडावर देवीचे दोन गोल व्रण आहेत, रुपयाएवढे. बारीक दात्यांची चकती दंडावर टेकवून फिरवत. तिचे ते ठसे. माझ्याहून बऱ्याच लहान असलेल्या चुलतभावाच्या दंडावर ते नाहीत. त्याच्या वेळी टोचायचे कारणच संपले होते. आत्याने मला सांगितले की मला टोचायला आजी स्वतः घेऊन गेली होती. आईने ताप येईल म्हणून कुरकूर केली, तेव्हा आजी काही बोलली नाही. मला उचलले आणि चालू लागली. त्या दिवसाचे कारण मला पन्नास वर्षांनी कोतवाल बुकात सापडले.

नारू, पोलिओ आणि गोवर

लस नसतानाही रोग हटवता येतो, याचे उदाहरण नारू आहे. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचे, पायातला नारू पाण्यात पिल्ले सोडायचा आणि तेच पाणी गाव प्यायचा. यावर ना लस, ना औषध. पाणी फडक्याने गाळणे, पायऱ्या बंद करून विहिरीला कठडा बांधणे, हातपंप बसवणे, एवढ्यावर भारतातला शेवटचा नारू १९९६ मध्ये राजस्थानात नोंदला गेला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. आंबागडच्या विहिरीची आख्यायिका सांगणाऱ्या मुलखाला पाणी आणि मरण यांचे नाते नव्याने शिकवायची गरज नव्हती; गरज होती ती कठड्याची आणि हातपंपाची.

१९८५ मध्ये सार्वत्रिक लसीकरण सुरू झाले तेव्हा यादीत सहा आजार होते: क्षय, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ, गोवर. आज ती १२ वर गेली आहे. त्यांतली जपानी मेंदूज्वराची लस सगळ्या देशात नाही, जिथे तो रोग आढळतो त्याच जिल्ह्यांत देतात. पाणी भरलेल्या धानाच्या बांध्यांत त्याचे डास वाढतात. धान हे आमचे पोट आहे, तेव्हा बांध्या सोडता येत नाहीत. १९९५ पासून पोलिओचे रविवार सुरू झाले, करंगळीवर शाई लागू लागली. १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमध्ये आढळलेला रोगी देशातला शेवटचा ठरला.

कोविडने उलटा क्रम लावला. १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरुवात झाली, १ मार्चपासून साठीच्या पुढचे, मग पंचेचाळीस, मग अठरा. मुले सर्वांत शेवटी. लस ही पोरांची गोष्ट, ही दीडशे-दोनशे वर्षांची समजूत तेव्हा पहिल्यांदा हलली. आमच्या भागातही अफवा होत्या: टोचले की दोन वर्षांत माणूस मरतो, अमुक होते, तमुक होते. शिकलेल्यांच्या मोबाइलवरूनच त्या आल्या होत्या. आत्या पहिल्या काही जणांत जाऊन बसली. कोणी विचारले, भीती नाही वाटत? ती म्हणाली, "भेव वाटते. म्हनून तं आलो."

याच दोन वर्षांत लहान मुलांचे डोस मात्र मागे पडले. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीसारख्या वस्त्यांत गोवर उसळला आणि त्यात मुले गेली. गोवर हा 'निघतोच, जातोही' असा समजला जाणारा आजार. पण कुपोषित मुलाच्या फुप्फुसात उतरला की परत फिरत नाही.

आत्याच्या नातवाची मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती. तिचे आईबाप धान कापणी झाली की नागपूरकडच्या वीटभट्टीवर जातात. पहिला डोस झाला होता, दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या मधला राहिला होता. इथल्या आशाताईंच्या यादीत मूल 'बाहेरगावी', भट्टीवरच्या यादीत मूल नाहीच. कोणी लपवले नव्हते. ते दोन याद्यांच्या मधल्या जागेत पडले होते. आजची ढोली ही अशी आहे.

शिमग्याला ती मंडळी परत आली. आत्याने कार्ड मागितले. अक्षर कळत नाही, पण भरलेला चौकोन आणि रिकामा चौकोन तिला कळतो. पोरीची आई म्हणाली, आता आलोच आहोत तर दोन दिवस पोर खेळू दे, ताप आला तर किरकिर करेल. हेच वाक्य माझ्या आईने आजीला म्हटले होते.

आत्याने तिला ढोलीची गोष्ट सांगितली. मी तिथे होतो. घरातल्या कोणीच ती आधी ऐकली नव्हती. सांगून झाल्यावर ती म्हणाली, "एक बार लपवलं होतं. आता नाई लपवाचं." दुसऱ्या दिवशी सगळे अंगणवाडीत गेलो. सिस्टरने निळ्या डब्यातून कुपी काढली, सुई टोचली, चौकोन भरला. नंतर अर्धा तास थांबायला सांगितले, तो आत्या पोरीला मांडीवर घेऊन बसली. पोर रडून झोपली. बाहेरून किल्ल्याचा डोंगर दिसत होता.

वहीतल्या त्या ओळीची नक्कल मी आता घरी ठेवली आहे, वडिलांच्या कागदांत. आमच्या वंशावळीत त्यांच्या नावाआधी एक जागा मी मोकळी केली आहे. मुलाचे नाव त्यात घालता आलेले नाही. वहीत फक्त 'मुलगा' असे आहे आणि आत्यालाही तो नुसता 'दादा' म्हणूनच माहीत आहे.